ऑल्दोनंतर बट येत नाही

ताई, शनिवारी शाळेत तुमची शोकसभा झाली. मुख्याध्यापक उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "जरी पाठक मॅडम आज शरीराने आपल्यात नसल्या, तरी आठवणींच्या रूपाने त्या सदैव आपल्यातच राहणार आहेत." मी सवयीनं उजवीकडे बघितलं. स्टाफ मीटिंगमध्ये असं एखादं वाक्य आलं की तुम्ही पेनाचं टोपण हळूच माझ्या कोपराला टेकवायचात. उजवीकडे चित्रकलेचे सर बसले होते, रुमालानं चष्मा पुसत. मी पुन्हा समोर बघितलं.

मग सगळे स्तब्ध उभे राहिले. तेवढा वेळ मी पंख्याकडे बघत होते. त्याच्या एका पात्याला जळमट लागलं होतं आणि पंखा बंद असूनही ते हलत होतं. पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं. नंतर बायका जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्ही फार धीराच्या आहात." धीर वगैरे काही नाही ताई. दात काढल्यावर गाल बधिर असतो आणि आपण तो बोटानं दाबून बघत राहतो, तसं माझं चाललं आहे. काहीतरी दाबून बघते, काही लागत नाही. तुमच्या भावाला हे सांगितलं तर तो घाबरेल. तुम्हाला सांगता आलं असतं.

लग्न होऊन मी राहुरीला तुमच्या घरी आले तेव्हा बारावी झाले होते. तुम्ही सुधीरच्या थोरल्या बहीण, लग्न न केलेल्या, रोज एसटीनं घोडेगावच्या शाळेत जाऊन इंग्रजी शिकवणाऱ्या. माहेरी सगळ्यांनी बजावून पाठवलं होतं की घरात नणंद आहे, जपून राहा. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "नीला, पुढे काय करणार आहेस?" मला वाटलं, स्वयंपाकाचं विचारताय. मी म्हणाले, "पिठलं." तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना बाहेरून बी.ए.ला बसण्याची सगळी माहिती काढून आलात.

माझ्या परीक्षेच्या दिवसांत स्वयंपाक तुम्ही करायचात. तुमच्या भाकरीला कधी पापुद्रा सुटला नाही. तुमचा भाऊ ती मुकाट्यानं दुधात कुस्करून खायचा. मी जमिनीवर पुस्तकं पसरून बसायची आणि तुम्ही परातीत पीठ मळता मळता मला इंग्रजी शिकवायचात, कारण मराठीत मी बरी होते आणि इंग्रजीच्या पेपरनं मला धडकी भरायची. अशाच एका सकाळी मी वाक्य केलं होतं: ऑल्दो शी वॉज टायर्ड, बट शी कुक्ड. ती दमली होती तरी तिनं स्वयंपाक केला. मला वाटलं, तुमच्यावरच वाक्य केलंय, तुम्ही खूश व्हाल.

"ऑल्दोनंतर बट येत नाही," तुम्ही मागे न वळता म्हणालात.

"का?"

"एकदा सांगितलंय ना. पुन्हा कशाला सांगायचं?"

मला ते पटलं नव्हतं. पण तेव्हा मी नवी होते, गप्प बसले. नंतर बी.एड. झालं, तुमच्याच शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून लागले, आपण दोघी एका एसटीनं जाऊ-येऊ लागलो, तेव्हा मी तो वाद पुन्हा काढला. तुमच्या मांडीवर नववीच्या उत्तरपत्रिका होत्या आणि तुम्ही एकामागून एक 'बट'भोवती लाल गोल काढत होतात.

"पोरांचा दोष नाही ताई," मी म्हणाले. "आपल्या भाषेला जोडी लागते. जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो, जरी-तरी. त्यांनी ऑल्दो ऐकलं की त्यांना तरी हवासा वाटतो. मग ती बट शोधून आणतात."

"इंग्रजीला एकटं राहता येतं," तुम्ही म्हणालात. "माझ्यासारखं."

शेजारच्या सीटवरचे आजोबा तुमच्याकडे वळून बघायला लागले. तुम्ही लाल पेन झटकलंत आणि पुढची उत्तरपत्रिका घेतलीत.

मी तेव्हा तुम्हाला सांगितलं की मराठीत जोडीतलं एक गाळता येतं, पण पहिलं. बरं नव्हतं तरी आला. जरीची गरज नाही, तरीवर भागतं. तुमच्या इंग्रजीत बरोबर उलटं, पहिला ऑल्दो ठेवायचा आणि नंतरचं गाळायचं. तुम्ही पेन थांबवलंत. हे तुम्हाला आवडलं होतं, मला दिसलं. पण कबूल कसलं करताय.

"म्हणजे मराठी माणसाला वाक्याच्या मध्यापर्यंत पत्ताच नसतो," तुम्ही म्हणालात. "इंग्रजी पहिल्याच शब्दात बजावतं की पुढे वळण आहे, हळू घ्या."

"मध्यापर्यंत तरी सुखानं जाऊ द्या की माणसाला," मी म्हणाले.

हा वाद मग वर्षानुवर्षं चालला. तुम्ही निवृत्त झालात, घरी शिकवण्या घेऊ लागलात, तरी जेवताना एखादं वाक्य निघालं की तो पुन्हा वर यायचा. त्याचा निकाल लागला नाही आणि लागावा अशी दोघींचीही फारशी इच्छा नव्हती.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूची होते. पुस्तकांत, गाइडांत, सगळीकडे ऑल्दोचं एकच उदाहरण असायचं: तो गरीब होता तरी प्रामाणिक होता. तुम्ही ते वाक्य वर्गात कधी फळ्यावर लिहू दिलं नाहीत. एका नव्या सरांनी तुम्हाला विचारलं, व्याकरणाच्या दृष्टीनं त्यात चूक काय आहे. तुम्ही म्हणालात, "चूक काही नाही. ऑल्दो आपण कधी लावतो? एक गोष्ट असताना दुसरी होईल असं वाटलं नव्हतं आणि ती झाली, की लावतो. गरीब माणूस प्रामाणिक निघाला याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, एवढंच त्या वाक्यातून कळतं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं ऊसतोडीला जाणाऱ्यांची आहेत. त्यांच्यापुढे मी हे लिहू?" सरांनी चहा गार होऊ दिला.

त्या पोरांवरून संगीता आठवते. त्या वर्षी ती दहावीत होती. दिवाळी झाली की आईवडील ऊस तोडायला निघणार आणि तिलाही नेणार, हे तुम्हाला कुणाकडून तरी कळलं. दोनदा निरोप पाठवून वडील शाळेत आले नाहीत. मग घोडेगावच्या बाजाराच्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही मला म्हणालात, "चल. तो आज बैल घ्यायला येणार."

मी पर्स छातीशी धरून तुमच्या मागे चालत होते. टेम्पोतून बैल उतरत होते, धूळ उडत होती, रंगवलेली शिंगं अगदी हातभर अंतरावरून जात होती. तुम्ही साडीचा पदर खोचून सरळ आत शिरलात. संगीताचे वडील एका बैलाचे दात बघत होते. तुम्हाला बघून त्यांनी घाईनं हात धोतराला पुसले.

"बाई, तुमी हितं?"

"तुम्हालाच शोधत होते. संगीताला या वर्षी नेऊ नका."

"पोरगी हुशार हाय, मला काय म्हाईत न्हाई व्हय? तरी न्यावी लागंल. धाकल्याला कोन संबाळनार?"

"तेच उलटं म्हणून बघा."

"काय उलटं?"

"न्यावी लागेल, तरी पोरगी हुशार आहे. असं."

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं. बैलानं मान हलवली, त्यांनी कासरा आवळला.

"त्यानं काय हुतंय बाई?"

"वाक्य जिथं संपतं तेच आपण धरून बसतो. तुम्ही न्यायचंय यावर संपवताय. हुशार आहे यावर संपवून बघा."

ते तुमच्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, थकवा होता. "लई ब्येस बोलता तुमी," ते म्हणाले. "धाकल्याचं आमी बघू कसं बी. पर पोरगी ऱ्हानार कुनापाशी, त्ये सांगा. तिची आजी बी न्हाई आता."

"माझ्याकडे," तुम्ही म्हणालात.

आपल्या तेव्हा दोन खोल्या होत्या. माझी मुलगी रांगत होती. तुमच्या भावाचं खतांचं दुकान नुकतंच सुरू झालं होतं आणि निम्मी पोती घरात होती. येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणून विचारायचं नाही?"

तुमच्याकडे उत्तर नसलं की तुम्ही केस सोडून पुन्हा बांधायचात, तसे बांधलेत.

संगीता आली, खताच्या पोत्यांच्या शेजारी अंथरूण घालून राहिली, आणि आठवड्याभरात माझी मुलगी माझ्याऐवजी तिच्याकडे जायला लागली. मार्चमध्ये ती गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेत सुटली. पुढे शिवण शिकली, आता शेवगावला तिचं स्वतःचं दुकान आहे. परवा ती भेटायला आली तेव्हा दारातच बसली आणि आम्ही कुणी रडलो नव्हतो तेवढी रडली. मी तिला पाणी दिलं. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं की हिनं ब्लाउजचा गळा किती छान शिवलाय.

तिला ठेवून घेतलं ते चांगलंच झालं ताई. ते मी तेव्हाही म्हणत होते. माझं म्हणणं वेगळं होतं, आणि ते आपण कधी धड बोललो नाही. तुम्ही ठरवायचात आणि मग आम्हाला कळायचं. ठरवलेलं बहुतेक वेळा बरोबर असायचं, त्यामुळे तक्रार करायला तोंड राहायचं नाही.

मग तुमच्या पोटात दुखायला लागलं. तुम्ही ते पुष्कळ दिवस ॲसिडिटीवर ढकललंत. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण आपल्या तोंडी नगरच. तर नगरला नेलं, तपासण्या झाल्या, गाठ निघाली, ऑपरेशन ठरलं. सकाळी तुम्हाला आत नेलं तेव्हा तुम्ही माझ्या हातात बांगड्या दिल्यात आणि म्हणालात, "बाराच्या शिकवणीच्या मुलींना फोन कर, उगाच येऊन जातील."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा सुधीर आणि मी उभे होतो. तरुण होते, टोपी हातात होती. ते इंग्रजीत बोलायला लागले. "ऑल्दो द सर्जरी वेंट वेल," ते म्हणाले, आणि मध्ये मागून कुणी सिस्टर काहीतरी विचारायला आली म्हणून थांबले.

हे मला तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्या भावानं 'सर्जरी वेंट वेल' एवढंच ऐकलं. त्याचा चेहरा उजळला, त्यानं माझा दंड धरला, भिंतीला टेकून एक मोठा श्वास सोडला. मी मात्र पहिल्या शब्दालाच थांबले होते. पुढचं अर्धं वाक्य अजून यायचं होतं, आणि ते काय असणार हे मला माहीत झालं होतं. सिस्टर गेली. डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं. तोवर सुधीर सुखात होता. फार थोडा वेळ, पण होता. मी त्याच्याकडे बघत होते. आपल्या वादात तुम्ही बरोबर होतात की मी, हे मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शुद्धीवर होतात. ओठ कोरडे पडले होते. मी ओल्या कापसानं ते पुसत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"ऑपरेशन चांगलं झालं म्हणाले."

"पूर्ण वाक्य सांग, नीला."

मी कापूस वाटीत बुडवला. पुन्हा बुडवला.

"बरं," तुम्ही म्हणालात. "कळलं." आणि डोळे मिटून घेतलेत. त्यानंतर तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. माझ्या गप्प बसण्यातून तुम्हाला ते कळलं, यापेक्षा दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं कळायला हवं होतं, ते मला अजून सुचत नाही.

घरी आल्यावर एक औषध सुरू झालं. त्यानं तुमचे केस गेले, चव गेली. तुम्ही स्कार्फ बांधून दोन मुलींची शिकवणी घेतलीत आणि मध्येच उठून मोरीत गेलात. पुढच्या वेळी नगरला जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी मटार सोलत होते. तुम्ही पलंगावर बसून होतात.

"मला आता नगरला न्यायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"डॉक्टर म्हणाले अजून औषधं आहेत."

"आहेत ना. औषधं आहेत, तरी मला नकोत."

"हे एकट्यानं ठरवायचं नसतं ताई."

"मग कुणी ठरवायचं?"

"आम्हाला विचारायचं तरी."

तुम्ही हात डोक्याकडे नेलात. स्कार्फ होता. हात खाली घेतलात. मी मटारचं ताट उचललं आणि आत गेले. नळ सोडून भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. सुधीर दुकानातून आल्यावर तुम्ही त्याला सांगितलंत. तो रडला, त्यानं हात जोडले. तुम्ही ऐकलं नाहीत.

त्यानंतरचे दिवस आपण बोलत होतोच. मुळेच्या धरणात पाणी किती आहे, सिलिंडर कधी लावला, माझ्या मुलीचं पुण्यात खाण्याचं काय चाललंय, सगळं बोललो. ते तेवढं सोडून. तुम्ही एकदा म्हणालात, "नीला, आता अहो-जाहो सोड की. एवढी वर्षं झाली." मी हसले, म्हणाले, जमायचं नाही. खरंच जमलं नसतं.

मला वाटायचं, अजून वेळ आहे, एखाद्या सकाळी तुम्ही पेपर वाचत असताना विषय काढेन. म्हणेन, तुमचं शरीर, तुमचा निर्णय, सगळं मान्य. पण भांडी मी घासते आहे, ओठ मी पुसते आहे, मग मलाही काही म्हणायचं असू शकतं. एवढंच म्हणायचं होतं. नंतर तुम्ही नाहीच म्हणाला असता तरी चाललं असतं. ती सकाळ काढता आली नाही. मंगळवारी दुपारी मी चहा गाळत होते आणि सुधीरनं हाक मारली. हाक मोठी नव्हती. मी चहा पूर्ण गाळला, पातेल्यावर झाकण ठेवलं आणि मग आले. का ते माहीत नाही. तुमचा हात गरम होता अजून.

ताई, तुमचा निर्णय मला अजून पटलेला नाही. माणूस गेलं की सगळं पटवून घ्यायचं असतं असं लोकांना वाटतं. ते मला करायचं नाही. तुम्हालाही ते आवडलं नसतं. मला शिकवलंत, नोकरीला लावलंत, मुलाखतीच्या दिवशी माझी साडी स्वतः इस्त्री केलीत, माझ्या भाषेवर माझ्याशी वाद घातलात. तुमच्याआधी माझ्याशी कुणी वाद घातला नव्हता. सांगायचे सगळे. हे मी विसरलेले नाही, आणि तुमच्यावर रागही आहे. यातलं कुठलं आधी म्हणायचं आणि कुठल्यावर संपवायचं, ते मला येत नाही.

लोक येतात, बसतात. परवा कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "लग्न नाही, मूल नाही, तरी किती आनंदी राहिल्या हो." मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांना वाटलं होतं की तुम्ही दुःखी असाल, आणि तुम्ही नव्हतात, याचं त्यांना इतकी वर्षं आश्चर्य वाटत होतं. तुम्ही असता तर काही बोलला नसता, नंतर आत येऊन मला म्हणाला असता. मी आत गेले. आत कुणी नव्हतं. मी साखरेचा डबा उघडला आणि बंद केला आणि बाहेर आले.

दिवसकार्य झालं. मुलगी पुण्याला परत गेली. सुधीर दुकान उघडतो, गिऱ्हाईक आलं की उठतो, नसलं की बसून राहतो. तुमचा मोबाईल मी चार्ज करत असते. बंद करायचा राहून गेलाय.

काल सकाळी तो वाजला. बाईमाणूस होतं, वयानं माझ्याएवढं असावं. राजूरहून बोलतेय म्हणाली. माझ्या लग्नाआधी तुम्ही तिथं काही वर्षं होतात, तेव्हाची तुमची विद्यार्थिनी. तिनं नाव सांगितलं, सखू. मी ते तुमच्याकडून कधी ऐकलेलं नव्हतं.

"बाई हायेत का?"

"नाहीत," मी म्हणाले. तुम्ही गेल्यापासून हा शब्द मी पहिल्यांदाच तोंडानं उच्चारत होते. आतापर्यंत सगळे माहीत असूनच आले होते.

"बाहेर गेल्यात व्हय? बरं. आल्या की सांगाल का?"

मला सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या, तिनं कुणाला तरी हुसकलं आणि पुन्हा फोन कानाला लावला.

"काय सांगू?" मी विचारलं.

"काय न्हाई. सखूचा फोन हुता म्हनावं. काम काय न्हाई. सहज केल्ता."

"सांगते," मी म्हणाले.

ताई, राजूरहून सखूचा फोन होता. काही काम नव्हतं. सहज केला होता.